आई एफ७ वर आहे

लिनक्सच्या लॉगइन पडद्याला मी नेहमी वाड्याच्या दिंडीदरवाज्याची उपमा देतो. वाडा एक, बिऱ्हाडं अनेक. दारावरचा माणूस नाव विचारतो, खूण पटली की आत सोडतो. कोणी मध्येच उठून बाहेर आलं, तरी त्याची चूल आणि अर्धवट निवडलेली भाजी जिथल्या तिथे राहते. यालाच 'स्विच यूजर' म्हणतात. लॉगआउट म्हणजे सगळं आवरून, दिवा मालवून निघणं. स्विच यूजर म्हणजे नुसतं दार ओढून घेणं. फरक छोटा वाटतो, पण आमच्या घरी त्यावरून मध्यंतरी बरंच रामायण झालं.

आमच्याकडे डेस्कटॉप एकच. त्यावर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती, आणि दारावर लाइटडीएम. खाती तीन: आईचं, माझं आणि चिरंजीवांचं. आई गेलं वर्षभर तिच्या शाळेतल्या नोकरीच्या आठवणी टंकते आहे. एका बोटाने, दिवसाला अर्धं पान. मध्येच कुकरची शिट्टी होते, दारावर कोणी येतं, ती उठते. उठताना 'स्विच यूजर' दाबायचं, एवढं तिने पाठ केलंय. त्या दिवशी तिने ते दाबलं आणि पडदा काळाठिक्कर. माऊस हलेना, अक्षर उमटेना.

भाच्याला फोन लावला. "मामा, कशाला डोकं लावतोस? पॉवरचं बटण दाबून धर, पाच सेकंदांचं काम." चिरंजीवांचंही तेच मत. आई मात्र म्हणाली, "अरे, बंद नको करूस. एका विद्यार्थिनीचं नाव सकाळपासून आठवत होते. आत्ता कुठे आठवलं, ते लिहिलं आणि निश्चिंत झाले. आता परत आठवत नाहीये. आणि सेव्ह केलेलं नाही."

झालं! बटणाचा विषय तिथेच संपला.

तर मंडळी, इथे थोडं आतलं यंत्र समजून घेऊ. पडदा दिसायला एक, पण त्यामागे 'आभासी टर्मिनल्स' असतात, ओळीने खोल्या असाव्यात तशी. लाइटडीएम पहिल्या माणसाला सहसा सातव्या खोलीत बसवतो. स्विच यूजर दाबलं की तो पुढच्या खोलीत नवा एक्स सर्व्हर सुरू करून तिथे लॉगइनचा पडदा मांडतो. कोण पुढे आहे, कोण मागे, याची नोंद 'लॉगइनडी' ठेवतो. आणि प्रत्यक्ष पडदा एका खोलीकडून घेऊन दुसरीला देणं हे कर्नल आणि ग्राफिक्स ड्रायव्हरचं काम. म्हणजे बटण, लाइटडीएम, लॉगइनडी आणि ड्रायव्हर अशी चौघांची साखळी. कोणीही अडखळलं तरी बाहेरून दिसतो तो काळा पडदाच, आणि शिव्या खातो बिचारा दारवान.

पडदा काळा झाला म्हणजे संगणक मेला असं नाही. मी कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबलं. काळ्यावर पांढरी अक्षरं आली आणि लॉगइन विचारू लागली. हुश्श! कर्नल जिवंत. माझ्या नावाने आत जाऊन 'लॉगइनसीटीएल लिस्ट-सेशन्स' ही आज्ञा दिली. यादीत आईचं नाव होतं. तिच्या सेशनची स्थिती विचारली, उत्तर आलं 'ऑनलाइन'. लॉगइनडीच्या लेखी स्थिती तीन. 'अ‍ॅक्टिव्ह' म्हणजे पडद्यासमोर, 'ऑनलाइन' म्हणजे आत आहे पण सध्या मागे, आणि 'क्लोजिंग' म्हणजे निघालेला. आई निघालेली नव्हती. कंट्रोल-आल्ट-एफ७ दाबलं आणि तिचं पान समोर! वाक्याच्या मधोमध कर्सर लुकलुकत होता. नाव तिथेच होतं. आईने आधी ते वहीत उतरवून घेतलं आणि मगच फाइल सेव्ह केली.

आता चोर शोधायचा. टर्मिनलमधून 'डीएम-टूल स्विच-टू-ग्रीटर' ही आज्ञा दिली. पुन्हा काळोख, म्हणजे बटण निर्दोष. काळोखातूनच एफ३ वर जाऊन यादी पाहिली, तर लॉगइन पडद्याचं सेशन रीतसर सुरू झालेलं. म्हणजे लाइटडीएम आणि लॉगइनडी, दोघांनीही आपलं काम केलं होतं. लाइटडीएमच्या लॉगच्या फोल्डरात प्रत्येक एक्स सर्व्हरची वेगळी फाइल असते. शून्य क्रमांकाची स्वच्छ होती, एक क्रमांकाची ड्रायव्हरच्या तक्रारींनी भरलेली. दुसऱ्या सर्व्हरला पडदा मिळतच नव्हता. ड्रायव्हर होता ग्राफिक्स कार्डाच्या कंपनीचा, बंदिस्त. मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून तो काढला, मुक्तस्रोत ड्रायव्हर निवडला, संगणक पुन्हा सुरू केला. मग ओळीने दहा वेळा खाती बदलून पाहिली, दहाही वेळा दार उघडलं. खेळांचा वेग उतरला म्हणून चिरंजीव दोन दिवस फुगून होते, तो भाग वेगळा.

तुमच्याकडे उबुंटू असेल तर खोल्यांचे क्रमांक वेगळे लागतील. उबुंटूने २०११ साली ११.१० आवृत्तीत लाइटडीएम घेतला होता, पण २०१७ च्या १७.१० पासून ते जीडीएमकडे परत गेले. तिथे लॉगइनचा पडदा सहसा एफ१ वर आणि माणसं एफ२ पासून पुढे. शोधण्याची रीत मात्र तीच: आधी आत कोण आहे ते पाहा, मग साखळीतली एकेक कडी तपासा.

नंतर भाच्याने सुचवलं, "एकच खातं ठेव, पासवर्डच काढून टाक, कटकट संपली." सोपं आहे खरं. पण आई जन्मभर हाक आली की हातातलं टाकून उठत आली. परत येईपर्यंत तिच्या जागेवर कोणीतरी बसलेलं असायचं आणि तिची वही बाजूला सरकवलेली असायची. आम्हीच बसायचो, त्यात कोणाला काही वाटायचं नाही. काम अर्धं ठेवून उठावं आणि परत आल्यावर ते तसंच सापडावं, ही चैन तिला बहात्तराव्या वर्षी मिळाली आहे. ती मी काढून घेणार नाही.

असो. सध्या आई एफ७ वर असते आणि तिची शाळा चौथीच्या वर्गापर्यंत आली आहे. भाचेबुवा, वाचत असशील तर पॉवरचं बटण दाबायच्या आधी एकदा एफ७ दाबून बघत जा. आत कोणीतरी असतं रे.