सातवा हिसका

रविवार. मुरबाडकडची भातकापणी उरकली, अंगणातलं गवत मात्र गुडघाभर. पडवीत चार पावसाळे गंजलेलं गवत कापायचं यंत्र शेवटी उघडलं. कार्बोरेटरच्या जेटमध्ये जुन्या पेट्रोलचा डिंकासारखा थर. बारीक तांब्याची तार घालून भोक मोकळं केलं. शहापूरहून आणलेला नवा प्लग बसवला. पात्याला कानस मारून ते खिळ्यावर टांगलं, तर एक बाजू झुकली. तीच थोडी आणखी घासली.

१८३० साली एडविन बडिंगला हे यंत्र सुचलं, ते कापडगिरणीत लव कातरणारं यंत्र पाहून. आमच्याकडे विळ्यावर भागायचं.

सातव्या हिसक्याला इंजिन धडधडलं. शेजारच्या आजी ओट्यावरून ओरडल्या, "गवत फेकू नको रे, गाईला घाल!"

यंत्र दुरुस्त झालं. हिशेब मात्र विळ्याचाच राहिला.