विमानाच्या नाकांतला माणूस

ओझरला १९६४ सालीं विमानांचा कारखाना निघाला आणि आम्हां नाशिककरांना आकाशांतल्या गडगडाटाची संवय झाली. आवाज ऐकतांच पोरें वर पाहातात व वैमानिकाचें कौतुक करतात. विमानांत दुसरा कोणी असूं शकेल हें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. लोकांचा हा पक्षपात जुनाच आहे. सारथ्याची आठवण राहाण्यास तो प्रत्यक्ष भगवंतच असावा लागतो!

कांगोची हकीकत वाचतांना हें फार जाणवतें. १९६० सालीं बेल्जियमच्या जोखडांतून सुटलेल्या त्या देशापासून कटांगा हा तांब्याच्या खाणींचा प्रांत फुटून निघाला. संयुक्त राष्ट्रांच्या सैन्यांत आपले जवान तेथें होते. पण १९६१ च्या सप्टेंबरांत कटांगाच्या एका जेट विमानानें त्या सैन्याला सळो कीं पळो करून सोडलें. तोंड देण्यास जवळ लढाऊ विमानच नव्हतें. तेव्हां स्वीडन व इथिओपिया यांच्याप्रमाणें भारतानेंहि विमानें धाडलीं. तीं पांच क्रमांकाच्या पथकाचीं सहा कॅनबेरा बाँबफेकी विमानें; नायक विंग कमांडर सुआरिस. डिसेंबरांत त्यांनीं कोल्वेझीच्या तळावर हल्ला करून कटांगाचीं विमानें जमिनीवरच निकालांत काढलीं.

या मोहिमेंत एका कॅनबेराचा नॅव्हिगेटर जमिनीवरून झाडलेल्या गोळीनें जखमी झाला. ही हकीकत एका ओळींत आटोपते; पण ती ओळ समजण्यास विमानाची रचना ठाऊक पाहिजे. या जातीच्या कॅनबेरांत माणसें दोनच. वैमानिक वर, कांचेच्या घुमटाखालीं. संकट आलें तर खुर्चीसकट बाहेर फेंकला जाण्याची त्याची सोय होती. नॅव्हिगेटर खालीं, नाकाच्या पोकळींत. नेमाच्या वेळीं पालथा पडून तो कांचेंतून लक्ष्य न्याहाळी. त्याला तसली खुर्ची नव्हती! त्यानें सरपटत बाजूच्या दारापर्यंत जावयाचें आणि उडी टाकावयाची. सखल उड्डाणांत तेवढा अवकाश कोठला? आणि गोळी लागलेल्यानें सरपटावयाचें तरी कसें?

देवळालीच्या तोफखान्यांतला गोलंदाज आपला गोळा कोठें पडला हें बहुधा दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो. या माणसाला मात्र जमीन अंगावर धांवून येतांना दिसते. तो जखमी झाला तरी वैमानिकाला जागा सोडून मदतीस जातां येत नसे. दोघांमध्यें कानांतल्या यंत्रावरचा आवाज तेवढा उरे. अफाट अरण्यावरून परतीची वाट दाखविण्याचें काम ज्याचें, रक्तहि त्याचेंच वाहात असे.

तरी मला वैमानिकाचाहि हेवा वाटत नाहीं. कळ ओढली तर तो सुटेल, पण सोबत्याला सोडून सुटेल, हें त्याला प्रत्येक उड्डाणापूर्वी ठाऊक असे. त्या एका खुर्चीनें दोघांनाहि सारखेंच जखडून टाकलें होतें.

कॅनबेरा १९५७ सालीं आपल्या वायुसेनेंत आलीं व २००७ सालीं निवृत्त झालीं. या जातीच्या विमानाच्या नाकांत दुसरी खुर्ची कधींच बसली नाहीं.