रात्री शोधायला निघताना



आपल्या घरांत दिवस असतानाच जेवणं होतात. सूर्य मावळला की चूल बंद, भांडी घासून पालथी, आणि नऊपर्यंत दिवेही मालवलेले. त्यामुळे जैनांच्या घरी रात्रीच्या उजेडाचं काय काम, असं कुणालाही वाटेल. पण मळ्यात घर असलं, घरात वय झालेलं माणूस असलं, किंवा गोठ्यात दावं तोडणारं वासरू असलं, की रात्री बाहेर शोधायला जाण्याची वेळ येतेच. अशा वेळी हातात कसली बॅटरी असावी, हे आज सविस्तर लिहिते. दुकानात फक्त ‘लांब मारते’ एवढंच सांगतात. तेवढ्यावर भागत नाही.

आमच्याकडे ही गरज मामंजींमुळे आली. वय ८१. चार वर्षांपासून त्यांची आठवण विरत चालली आहे. सकाळचं देवदर्शन, णमोकार, जुनी माणसं सगळं लक्षात आहे. पण आजचा दिवस हातातून निसटतो. त्यांनी उमेदीची सगळी वर्षं रात्रीच्या विजेवर उसाला पाणी पाजलं. आता मध्यरात्री उठून ‘दारं धरायला जायचंय’ म्हणतात आणि निघतात.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात एकदा असेच गेले. शेजारपाजारचे आठ-दहा जण मोबाइलचे दिवे घेऊन आले. मोबाइलचा उजेड चौफेर पांगतो. पायापुरता चांगला, पण दहा-बारा पावलांपलीकडे काळोखच. कुणीतरी ट्रॅक्टर आणून त्याचे दिवे उसावर सोडले. उसाची पुढची भिंत झगझगीत दिसली आणि तिच्या मागचं सगळं आणखीनच काळं झालं. शेवटी दिरांनी ट्रॅक्टर बंद केला आणि सगळ्यांना गप्प उभं राहायला सांगितलं. तेव्हा जुन्या मोटारीच्या खोलीकडून बारीक आवाजात णमोकार ऐकू आला. मामंजी पायरीवर बसले होते, पाय चिखलात. तिथून विहीर वीस पावलांवर.

त्यानंतर मी बॅटरीचा नीट अभ्यास केला. कळलं ते असं.

खोक्यावर लुमेन लिहिलेलं असतं. लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो एका जागी एकवटतो की सगळीकडे पसरतो, हे त्यातून कळत नाही. ते कळतं कँडेलावरून. शोधायच्या बॅटरीत कँडेला आधी पाहावा. एक सोपा हिशेब आहे : कँडेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट करा, तितके मीटर झोत पोचतो. १०,००० कँडेला असेल तर २०० मीटर. ४०० मीटर हवे असतील तर ४०,००० कँडेला लागतो, म्हणजे अंतर दुप्पट आणि ताकद चौपट. शिवाय खोक्यावरचं अंतर म्हणजे जिथे उजेड पाव लक्सवर येतो ते ठिकाण. साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड. तेवढ्यात काहीतरी आहे हे कळेल, माणूस आहे की खांब हे कळेलच असं नाही. म्हणून मी छापलेल्या आकड्याचं निम्मं धरते. आमच्या बांधांना १०० मीटर पुष्कळ झाले, तेव्हा २०० ची बॅटरी पुरली.

‘एक लाख लुमेन’ छापलेली स्वस्त बॅटरी पाहिली की सरळ खाली ठेवावी. तिच्यातल्या सेलवरून खरंखोटं पटकन कळतं. बहुतेक चांगल्या बॅटऱ्यांत १८६५० नावाचा सेल असतो, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता ३५०० एमएएचच्या आसपास संपते. त्यावर ९९०० लिहिलं असेल तर बाकीचे आकडेही त्याच शाईने छापलेले समजा. ‘किती तास चालते’ हाही आकडा जपून वाचावा. तो उजेड सुरुवातीच्या दहाव्या हिश्शावर येईपर्यंतचा असतो, पूर्ण ताकदीचा नव्हे. पावसासाठी आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे सोसणारी; आयपीएक्स ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास पडली तरी चालणारी. पाटाच्या कडेने फिरणाऱ्यांनी दुसरी घ्यावी. आणि बटण एकच असावं. सासूबाईंना घाईत, ओल्या हाताने, चष्म्याशिवाय लावता आली तीच बॅटरी आम्ही घेतली.

सासूबाईंचा मात्र या सगळ्यालाच आक्षेप होता. “अगं, पावसाळ्यात एवढा उजेड लावलास तर किती जीव येऊन पडतील त्यावर?” मुद्दा खरा होता. प्रवचनात चक्षुरिंद्रियाच्या मोहाचं उदाहरण म्हणून पतंग आपण लहानपणापासून ऐकतो. २०२४ साली शास्त्रज्ञांनी वेगवान कॅमेऱ्याने किड्यांचं उडणं टिपून पाहिलं. किडे आकाशाच्या उजेडाकडे पाठ ठेवून आपलं वर-खाली ठरवतात. दिवा जवळ आला की ते त्याच्याकडे पाठ वळवतात आणि तिथेच घिरट्या घालत अडकतात. म्हणजे तो जीव मोहापेक्षा दिशा चुकल्यामुळे अडकतो. हे वाचून दाखवलं तेव्हा सासूबाई मामंजींकडे पाहत राहिल्या. बोलल्या काही नाहीत.

मग आम्ही दोघींनी मिळून मार्ग काढला. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेची व्याख्या करताना प्रमादावर, म्हणजे बेसावधपणावर बोट ठेवलं आहे. गृहस्थाने संकल्पी हिंसा सोडायची. आरंभी हिंसा पूर्ण सुटत नाही, ती सावधपणे कमी करायची. मुनिराज ईर्यासमिती पाळतात. दिवसाउजेडी, चार हात पुढची जमीन पाहत चालतात, रात्री विहार करत नाहीत. आपल्याला रात्री निघावं लागलं, तर निदान पुढची चार हात जमीन दिसलीच पाहिजे. त्यात मण्यार, घोणसही आली. तिचाही जीव आणि आपलाही.

म्हणून आमच्याकडे दोन दिवे आहेत. एक लांब झोताचा; तो सतत लावायचा नाही. थांबायचं, झोत बांधावरून सावकाश फिरवायचा, बंद करायचा, हाक मारायची आणि ऐकायचं. दुसरा कमरेच्या उंचीवर धरायचा, मंद आणि पिवळसर, साधारण ३००० केल्व्हिनचा. निळसर उजेडापेक्षा पिवळ्याकडे किडे कमी येतात. खाली तिरका धरला की पावलांचे ठसे सावलीमुळे उठून दिसतात. गुरं, कुत्री शोधताना मात्र बॅटरी आपल्या डोळ्यांजवळ धरावी, त्यांचे डोळे चमकतात. माणसाचे तसे चमकत नाहीत.

हे लक्षात आल्यावर सासूबाईंनीच एक युक्ती काढली. सायकलला लावतात ती रेडियमची पट्टी आणून मामंजींच्या बंडीच्या पाठीवर, बाह्यांवर आणि काठीला लावली. ही पट्टी आलेला उजेड जिथून आला तिकडेच परत पाठवते, म्हणून झोत लहान असला तरी ती लांबून दिसते. गेल्या आश्विनात मामंजी पुन्हा निघाले, तेव्हा आधी विहीर पाहिली, मग पाट. तिसऱ्यांदा झोत फिरवला तेव्हा दीडशे पावलांवर दोन पांढऱ्या रेघा हलताना दिसल्या. पंधरा मिनिटांत ते घरी होते. मोठा झोत विकत घेण्याआधी आपलं माणूस उजेडाला सापडेल असं करावं, हे त्या पट्टीने शिकवलं. किंमत म्हणाल तर बॅटरीच्या पासंगालाही पुरणार नाही.

घरात असं माणूस असेल तर आणखी एक. हरवल्याची खबर द्यायला २४ तास थांबावं लागतं हा गैरसमज आहे. शोधायला निघतानाच घरातल्या एकाने ११२ ला फोन लावावा.

आपल्याकडे चार दानं सांगितली आहेत : आहार, औषध, शास्त्र आणि अभय. अंधारात दिशा चुकलेल्या माणसाला त्याच्या दारापर्यंत आणणं मला अभयदानच वाटतं, आणि वाटेतल्या किड्यामुंगीला पायाखाली न घेणं हेही त्यातलंच.

राहिला प्रश्न चार्जिंगचा. कामाच्या रात्रीच बॅटरी मेलेली असू नये म्हणून आम्ही ते अष्टमी-चतुर्दशीला जोडून टाकलं आहे. उपवास, एकाशन सांभाळणाऱ्या घरात या तिथी कुणी विसरत नाही. त्या दिवशी सकाळी अभिषेकाहून आल्यावर सासूबाई दोन्ही दिवे चार्जरला लावतात, संध्याकाळी काढून खिळ्याला अडकवतात. मामंजी विचारतात, “हे कुणासाठी गं?” त्या म्हणतात, “तुमच्यासाठीच. पाण्याची पाळी आली तर असू दे हाताशी.”