नकाशातील भारांक

नगररचनाकाराच्या मेजावर आज उघडणारा नकाशा म्हणजे एकावर एक रचलेल्या अनेक पारदर्शक थरांचा समुच्चय असतो: जमिनीचा उतार, नदीची पूररेषा, मोजणीखात्याच्या हद्दी, मैलावाहिन्या, रस्ते, वस्तीची दाटी. इयान मॅकहार्ग यांनी १९६९ च्या ‘डिझाइन विथ नेचर’ या ग्रंथात पारदर्शक कागद एकमेकांवर ठेवून जी पद्धती मांडली, तिला संगणकाने वेग दिला आणि प्रत्येक थराचे महत्त्व आकड्यात सांगण्याची, म्हणजे भारांक देण्याची, शिस्तही लावली. पुराच्या भयाला शंभरांपैकी चाळीस आणि घरे उठण्याच्या दुःखाला दहा भारांक दिले, की प्रस्तावित रस्ता एका आळीतून जातो. आकडे बदलले, की तो दुसरीकडे वळतो. गणित यंत्राचे असले तरी ते चाळीस आणि ते दहा माणसानेच भरलेले असतात, आणि ते कोणी, कोणास विचारून भरले, हा मला या साधनांविषयीचा सर्वांत मोठा प्रश्न वाटतो.

पिंपरी-चिंचवडमधील काळेवाडीत तो विशेष तीव्रतेने जाणवतो. पवना नदीपलीकडे पिंपरीस १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, मागाहून औद्योगिक वसाहत वाढली, आणि कामगारांस परवडेल अशी जागा नदीअलीकडच्या शेतांत मिळू लागली. तेहतीस फुटी साखळीचा एक चौरस म्हणजे गुंठा, १०८९ चौरस फूट; त्या मापाने, कित्येकदा त्याच्या निम्म्यानेही, शेते विकली गेली. १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आड येत असल्याने कित्येक व्यवहारांचे फेरफार झालेच नाहीत. घरे मात्र उभी राहिली. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने नियमिततेचा मार्ग काढून दिला, तरी दप्तर आणि जमीन यांतील अंतर पुरते मिटले नाही. सातबाऱ्यावर शेत, उपग्रहचित्रात छपरांची दाटी, आणि एका छपराखाली किती बिऱ्हाडे नांदतात याचा उल्लेख दोहोंतही नाही, अशा सामग्रीवर यंत्र आपला निष्कर्ष काढते.

पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाने, जे १९७२ मध्ये स्थापन होऊन २०२१ मध्ये विसर्जित झाले, आपल्या आराखड्यात या भागातून उच्च क्षमता द्रुतगती वर्तुळाकार मार्गाची रेषा ओढली होती. २०१७ मध्ये ती जमिनीवर उतरविण्याची वेळ आली तेव्हा काळेवाडी, थेरगाव, रहाटणी येथील कुटुंबे आंदोलनास उभी राहिली. कारण रेषा कागदावर स्थिर राहिली होती आणि तिच्याखालच्या भूमीवर दरम्यान लोकांची हयात गुंतली होती.

पॅट्रिक गेडिस, जे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले, आराखड्यापूर्वी गाव पायी हिंडून पाहणे अनिवार्य मानीत. मीही भारांक ठरविण्याआधी छापील नकाशा घेऊन नदीकाठच्या आळ्यांत जातो आणि पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते ते विचारून तेथे खूण करतो. पाटबंधारे खात्याच्या दोन रेषा नकाशावर असतातच: सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. परंतु एका वृद्ध बाईंनी उंबऱ्यावर बसून मला जे सांगितले ते कोणत्याच रेषेत नव्हते. “साहेब, नदी मागनं येती. आधी गटारातनं पाणी वर येतंय, मोरीतनं. धरणाचं पाणी सोडलं की आम्हाला तिथंच कळतंय.” भूपृष्ठाच्या प्रतिकृतीत पाणी काठ ओलांडून येते, येथे ते पर्जन्यवाहिनीतून उलटे चढत होते. त्या दिवशी गटारांच्या मुखांची उंची हा एक नवा थर माझ्या नकाशात आला, आणि निळ्या रेषेबाहेरची कित्येक घरे धोक्याच्या क्षेत्रात गेली. अशी माहिती हाती आली की हे साधन केवढे उपकारक ठरते! पवना धरणातून विसर्ग वाढविण्यापूर्वी कोणती आळी आधी रिकामी करावी, हे ते घटकाभरात दाखवू शकते.

१९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार प्रारूप आराखडा जाहीर होऊन त्यावर हरकती व सूचना मागविल्या जातात. सुनावणीत नागरिकापुढे असते ती पूर्ण झालेली रेषा. माझी मागणी एवढीच, की त्या नकाशाशेजारी भारांकांचा तक्ता सोप्या मराठीत टांगावा, दोन-तीन पर्यायी रेषा दाखवून प्रत्येकीखाली किती बिऱ्हाडे उठतील ते लिहावे, आणि हरकतदार समोर उभा असताना अधिकाऱ्याने त्याचा आकडा यंत्रात भरून रेषा कोठे सरकते ते त्याला तेथल्या तेथे दाखवावे. यासाठी नवे यंत्र लागणार नाही. जे यंत्र कचेरीच्या आतल्या खोलीत आहे ते सुनावणीच्या दालनात आणावे लागेल.