तिसऱ्या रांगेत कोण बसणार?

सात आसनी गाडी पाहायला गेलेला माणूस बहुधा चालकाच्या जागेवर जाऊन बसतो, स्टिअरिंगवर हात ठेवतो, समोरचा पडदा चालू करून पाहतो आणि निम्मा निर्णय तिथेच घेऊन मोकळा होतो. वास्तविक पाच आसनी गाडी सोडून सात आसनी घ्यायची ती मागच्या दोन जागांसाठी. जादा पैसे त्या दोन जागांचे मोजायचे आणि त्यांवर बसून मात्र कोणी पाहायचे नाही, हा प्रकार मी बँकेच्या नोकरीत अनेक वर्षे टेबलापलीकडून पाहिला. २००० साली टोयोटाची क्वालिस आली आणि आमच्या ग्रामीण शाखेतही एकत्र कुटुंबे अशा गाडीसाठी कर्ज मागू लागली. अर्जात उत्पन्न, जामीनदार, विमा सारे विचारलेले असे. तिसऱ्या रांगेत कोण बसणार, हा रकाना कुठल्याच अर्जात नव्हता.

आमच्या घरी तो प्रश्न गेल्या वर्षी उभा राहिला. शहापूरच्या घरात आम्ही सात जण राहतो. आई सत्त्याऐंशी वर्षांची, आम्ही उभयता, मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला असलेला मुलगा, शाळेत शिकवणारी सूनबाई, नऊ वर्षांची नात आणि तीन वर्षांचा नातू. दाराशी जुनी पाच आसनी गाडी होती. नातू मांडीवर मावत होता तोवर कसेबसे निभावले. तो उतरून स्वतःची जागा मागू लागला आणि घरात एक वाक्य वारंवार ऐकू येऊ लागले. आई म्हणे, “तुम्ही जा रे, मी थांबते घरी. मला काय पाहायचंय आता!” नाशिकला गजपंथाच्या दर्शनाला निघालो, आई घरी. मुरबाडला मावशीकडे निघालो, आई घरी. गुडघे दुखतात, उन्हाचे सोसत नाही, अशी कारणे ती देत असे आणि ती खोटीही नव्हती. पण पाच जागांत सात माणसे बसत नाहीत, हे गणित तिने आमच्या आधी मांडले होते आणि उत्तरात स्वतःला वजा केले होते.

मी वाणिज्य शाखेचा माणूस. कुठल्याही खरेदीपूर्वी वही काढायची ही माझी जुनी सवय. मागील वर्षाची दैनंदिनी चाळून पाहिली. सातही जणांनी एकत्र बाहेर जाण्याजोगे दिवस निघाले बावीस. आसनगाव स्थानकाजवळच्या एका गाडीवाल्याने चालक व इंधनासह दिवसाचे साडेचार हजार सांगितले. म्हणजे वर्षाचे नव्व्याण्णव हजार. याउलट नवी गाडी घेऊन आठ लाखांचे कर्ज काढले, तर नऊ टक्के दराने पाच वर्षांसाठी महिन्याचा हप्ता सुमारे १६,६०० रुपये पडतो. वर्षाचे जवळपास दोन लाख. त्यावर विमा, इंधन, देखभाल आणि शोरूमच्या फाटकाबाहेर पडताक्षणी सुरू होणारा घसारा. हिशेब उघड उघड भाड्याच्या गाडीच्या बाजूने होता. ज्यांच्या घरी वर्षातून पंधरा-वीस दिवसांचाच प्रश्न आहे, त्यांना मी आजही भाड्याच्या गाडीचाच सल्ला देईन.

मग आम्ही विकत का घेतली? वहीत न आलेले दिवस किती, हे सूनबाईंनी विचारले म्हणून. तिन्हीसांजेला आईला धाकट्या बहिणीची आठवण येते, कल्याणला डोळे दाखवायला जायचे असते, एखाद्या रविवारी मानस मंदिरात जाऊन यावेसे वाटते. अशा वेळी “माझ्यासाठी गाडी सांगा” असे ती कधीही म्हणणार नाही. भाड्याच्या गाडीला निमित्त लागते आणि आपल्यासाठी खर्च करवून घेण्याइतके मोठे निमित्त त्या पिढीच्या बायकांना सहसा सापडत नाही. दाराशी उभ्या असलेल्या गाडीचे तसे नसते. हा लाभ रुपयांत कसा मांडावा, ते मला ठाऊक नाही. पण तो शून्य नव्हे, एवढे मी मान्य केले आणि वही मिटली.

निवड सुरू झाली ती फीत घेऊन. फाटकापासून घराच्या पायरीपर्यंत आमची जागा साडेपंधरा फूट, म्हणजे ४.७२ मीटर. इनोव्हा क्रिस्टाची लांबी ४.७३ मीटरच्या वर. एवढ्याशा फरकाने तो विषय संपला. मुलाला थोडे वाईट वाटले, मला किमतीकडे पाहून थोडे बरे वाटले. बोलेरो निओ आमच्या रस्त्यांना धार्जिणी, पण तिच्या मागच्या जागा आडव्या, समोरासमोर तोंड करून बसण्याच्या. मुलांना तशा जागी बसवायला सूनबाई तयार नव्हत्या. ट्रायबर चार मीटरच्या आतली. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंतच्या व १२०० सी.सी.पर्यंतच्या पेट्रोल गाडीवर वस्तू व सेवा कर १८ टक्के झाला आणि त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के. मोठ्या गाड्यांवर पूर्वी उपकर धरून ४५ ते ५० टक्के होत असे, म्हणजे त्याही थोड्या उतरल्या. पण लहान गाडीचे पारडे जड झाले हे खरे. तरीही ट्रायबरचे इंजिन ९९९ सी.सी.चे, सातही जागा भरल्यावर मागे सामानाला उरते ते केवळ ८४ लिटर. चार-पाच जण नेहमी आणि सात क्वचित, अशा घराला ती गाडी उत्तम. आम्ही सात नेहमी आणि चार क्वचित. राहिल्या दोन, मारुतीची एर्टिगा आणि कियाची कॅरेन्स.

येथे सी.एन.जी.विषयी थोडे सांगायला हवे, कारण शहापूरकडे हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. एर्टिगा सी.एन.जी.वर मिळते आणि कंपनीच्या आकड्यानुसार किलोला २६ किलोमीटर जाते. रोज कल्याण-ठाणे करणाऱ्याने तीच घ्यावी. मात्र टाकी मागच्या डिकीत बसते आणि तिसरी रांग उभी असताना डिकीत मुळात असतात २०९ लिटर. त्यातून टाकी वजा केली की सात माणसांच्या पिशव्या कुठे ठेवायच्या? आमच्या घरी सूर्यास्तानंतर जेवण नाही. नाशिकहून परतताना हिवाळ्यात सहाच्या आत कुठेतरी थांबून डबे उघडावे लागतात. तीन डबे, उकळून गार केलेल्या पाण्याचा कॅन, आईचे औषध, नातवाचे कपडे, हे आमचे किमान सामान. म्हणून पेट्रोल.

विक्रेत्याला मी सांगितले की, गाडी शहापूरला घरी आणावी आणि सातही जण बसून मुरबाड रस्त्याला भातसा ओलांडून काळू नदीपर्यंत जाऊ. तो म्हणाला, “काका, नवरा-बायको येतात, चौकात एक फेरी मारतात आणि बुकिंग करतात. सात जण घेऊन कोणी येत नाही.” तरीही आणली बिचाऱ्याने, दोन्ही शोरूमच्या माणसांनी आणली. तो स्वतः आमच्या ओसरीवर ताक पीत बसला आणि आम्ही निघालो.

बसताना आमच्या घराची सारी उतरंड बदलली. पूर्वापार रीत अशी की, पुढे वडीलधारा पुरुष, मागे बायका आणि मुले उरलेल्या जागेत. ही रीत गाडीला मानवत नाही. नातवाची खुर्ची अडकवायचे हुक मधल्या रांगेत दारालगत असतात, तेव्हा एक दार त्याचे. आईला कमीत कमी वाकून, कमीत कमी पाय उचलून बसायला हवे, तेव्हा दुसरे दार तिचे. दोघांच्या मधे दोघांनाही सांभाळणारी सूनबाई. पत्नीला घाटात मळमळते, म्हणून ती पुढे मुलाशेजारी. उरलो मी आणि माझी नात. तिसऱ्या रांगेत कोण, या प्रश्नाचे उत्तर असे आपोआप मिळाले: घराचा कर्ता म्हणवणारा सदुसष्ट वर्षांचा गृहस्थ आणि चौथीतली मुलगी.

तिथे बसून जे कळले ते कुठल्याही माहितीपत्रकात नव्हते. आत शिरणे हीच पहिली परीक्षा. एका गाडीत मधले आसन पाठ वाकवून पुढे सरकत होते, दुसऱ्या गाडीत ते दुमडून पूर्ण पुढे उलटत होते. या दुसऱ्या प्रकारात माझ्या वयाच्या माणसाला दाराची कड धरून सरळ पाय आत टाकता येतो. बसल्यावर गुडघे किती वर येतात, ते पाहावे. मांडीला खालून आधार नसेल, तर अर्ध्या तासाने कंबर बोलू लागते. वातानुकूलनाची झडप मागेही हवी, ती दोन्हींत होती. आणि डोके मागच्या काचेपासून किती दूर राहते, ते हाताने मोजावे. आमचे अंतर वीतभर भरले. गाड्यांच्या टक्कर-चाचण्यांचे तारे आपण मोठ्या विश्वासाने वाचतो. पण समोरच्या धडकेच्या त्या चाचणीत पुढे दोन प्रौढांचे आणि मधल्या रांगेत दोन मुलांचे पुतळे बसवतात. तिसऱ्या रांगेत कोणीच नसते. त्या दोन जागांची हमी ताऱ्यांतून मिळत नाही. सावकाश चालवणे आणि पट्टा लावणे, एवढेच आपल्या हाती उरते.

पट्ट्याविषयी आमच्या घरी आता वाद होत नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. गाडी उंची, महागडी. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते आणि ते दोघेच दगावले. २०१४ पूर्वी तो भाग आमच्याच ठाणे जिल्ह्यात होता, त्यामुळे ती बातमी परकी वाटली नाही. आईला पट्टा गळ्याशी काचतो, म्हणून तो खांद्यावर नीट येईल अशी एक छोटी उशी पत्नीने तिच्या पाठीशी शिवून दिली आहे.

कॅरेन्स ठरली. आसन पूर्ण उलटते हे मुख्य कारण, सहा एअरबॅगा तिला पहिल्यापासून आहेत हे दुसरे, आणि ४.५४ मीटर लांबी आमच्या फाटकात बसते हे तिसरे. सर्वांत वरची आवृत्ती घेतली नाही. वरच्या आवृत्त्यांत आसनांना आणि स्टिअरिंगला चामडे किंवा चामड्यासारखे काही असते. आपल्या वाचकांपैकी ज्यांना चामडे वर्ज्य आहे, त्यांनी तोंडी उत्तरावर विसंबू नये. ‘लेदरेट’ हे कृत्रिम, पण स्टिअरिंगचे आवरण आणि गिअरची मूठ यांविषयी वेगळे विचारावे व लेखी घ्यावे. मी विचारले तेव्हा विक्रेत्याला उत्तर ठाऊक नव्हते. कंपनीकडून खुलासा मागवायला त्याने चार दिवस घेतले आणि ते चार दिवस थांबल्याने काही बिघडले नाही.

कर्जाच्या टेबलावर मात्र मी पुन्हा जुना अधिकारी झालो. समोरच्या तरुणाने “फक्त साडेपाच टक्के, काका” असे सांगितले. तो दर ‘फ्लॅट’ होता. म्हणजे हप्ते फेडून मुद्दल कमी होत गेले, तरी व्याज पाच वर्षे पूर्ण आठ लाखांवरच. हप्ता होतो १७,००० रुपये, आणि घटत्या शिलकीवर मांडला तर तोच दर दहा टक्क्यांच्या घरात जातो. नऊ टक्के घटत्या शिलकीचे कर्ज त्याहून स्वस्त. मुदत सात वर्षे केली, तर हप्ता १२,८७० वर येतो आणि हलका वाटतो, पण एकूण व्याज पाच वर्षांच्या मानाने सुमारे ८५ हजारांनी वाढते. आम्ही पाच वर्षेच ठेवली. हप्ता मुलगा भरतो, विमा मी.

पथकराचाही एक बारकावा. १५ ऑगस्ट २०२५ रोजी तीन हजारांना मिळू लागलेला वार्षिक पास राष्ट्रीय महामार्गांवर दोनशे फेऱ्यांपर्यंत चालतो. समृद्धी महामार्ग राज्याचा, तिथे तो चालत नाही. इगतपुरीपासून पुढचा समृद्धीचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्याने कसारा घाट टळतो. पत्नीच्या मळमळीसाठी तो कर मी आनंदाने भरतो. तसे जकात आमच्या मुलखाला नवी नाही. मुरबाड तालुक्यातून चढणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचाच, असे परंपरा सांगते.

गाडी येऊन आता काही महिने झाले. आई पहिल्यांदा बसली ती मावशीकडे जायला. दार उघडल्यावर तिने पाय आत टाकण्यापूर्वी मागे वाकून पाहिले आणि मला विचारले, “तू एवढा मागे बसणार? मग मी येत नाही.” मागे बसून नातीला पाढे विचारायचे आहेत, असे सांगितल्यावर तिची समजूत पटली. नातीची अर्थात पटली नाही. मुरबाड येईपर्यंत तेरा, सतरा आणि एकोणीस झाले. हल्ली रविवार आला की कुठे जायचे, ते आईच सुचवते आणि एखाद्या रविवारी गाडी निघालीच नाही, तर ती नाराजही होते. इंधनाचा खर्च माझ्या अंदाजाच्या पुढे गेला आहे.

नाशिकची मुलगी, जावई आणि त्यांची दोन मुले आली की आम्ही अकरा होतो. त्या दिवसांसाठी आसनगावच्या गाडीवाल्याचा क्रमांक वहीत तसाच ठेवला आहे.