पावशाचा बोल

मृगाच्या आरंभी एका जाणत्या गृहस्थांसोबत आम्ही विद्यार्थी पांढरकवड्याच्या शिवारात पक्ष्यांचे बोल ओळखावयास गेलो. 'आधी कान, मग डोळे,' हा त्यांचा दंडक. टिटवीचा आक्रोश, भारद्वाजाचे घुमणे, दयाळाची शीळ यांतील भेद हळूहळू उमजू लागला. इतक्यात पळसावरून पावशा चढत्या सुरात बोलू लागला. शेतकऱ्याच्या कानी तो 'पेरते व्हा' म्हणतो; वस्तुतः ती त्याची विणीच्या हंगामातील साद होय. त्याची मादी तर आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालते!

"बोल ऐकावा, परंतु ओल पाहूनच पेरावे," ते म्हणाले. "कोरड्यात गेलेले कपाशीचे बी पुन्हा विकत घ्यावे लागते."

आमच्यापैकी बहुतेकांच्या घरी कपाशीच पिकते. त्या सायंकाळी आम्ही आपापल्या वडिलांसह शेतातील माती उकरून पाहिली. ओल वीतभरही उतरली नव्हती.