पावसातला दोर

मंडळी, बेळगावात वाढलेली आमची नातवंडं विचारतात, "आजोबा, पावसात गावाकडं दिवसभर करायचं तरी काय?" करंट नाही, मोबाईलला रेंज नाही, बाहेर पाय टाकायची सोय नाही. प्रश्न खरा आहे. त्यांना सांगितलं तेच इथं लिहितो.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीहून कणकुंबीला जाणाऱ्या रस्त्यापासून आत. मलप्रभेचा उगम कणकुंबीचा, म्हणजे आमच्याकडं नदी अजून लहानच. पण तरणा पाऊस लागला की तिचं रूप बघवत नाही. पुनर्वसूचा तो तरणा आणि पुष्याचा तो म्हातारा, हे आपल्याला माहीतच आहे. हब्बनहट्टीच्या मारुतीला पाणी लागलं अशी खबर आली की आज्जी म्हणायची, "आता बसा घरात."

बसा म्हणजे रिकामं बसा असं नव्हे हं! रोपलावणी चालू असली तर पाऊस असो नसो, बायका इरली घेऊन चिखलात वाकलेल्याच. पण ओढ्याला पाणी येऊन शेताची वाट बंद झाली की तो दिवस सोप्यातल्या कामांचा. कुणी कुदळीला दांडा बसवायचा, कुणी घोंगडं टाचायचं. पोरींनी उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या पानांच्या पत्रावळ्या लावायच्या. चुलीच्या आरात फणसाच्या आठळ्या भाजायला टाकलेल्या असायच्या. कौलातून धूर बाहेर जायचा नाही, डोळे चुरचुरायचे, तरी चुलीजवळून कुणी हलत नसे. रात्री कंदिलाच्या उजेडात पांडवप्रताप. जरा उघडीप मिळाली की आम्ही पोरं ओढ्याकडं, खेकडी धरायला.

पण पावसातलं खरं काम म्हणजे दोर वळणं.

बांधावरची घायपाताची पानं उन्हाळ्यात कापून पाण्यात कुजत घालायची, मग बडवून, धुऊन, वाळवून तो वाक माळ्यावर ठेवायचा. उन्हाच्या दिवसांत वळायला घेतला तर तुटतो. पावसाळी हवेत मऊ पडतो, म्हणून हीच वेळ. आधी बारीक पेड करायचे. मग तीन पेड एकत्र करून, प्रत्येकाला ज्या बाजूनं पीळ दिला त्याच्या उलट बाजूनं तिघांना मिळून पीळ द्यायचा. या उलट पिळामुळंच दोर सुटत नाही. आणि हे काम एकट्यानं होत नाही. सोप्याच्या एका टोकाला आकडा फिरवणारा लागतो, दुसऱ्या टोकाला दोर ताणून धरणारा.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. 1974 साल. मी अकरा वर्षांचा. बाबा आणि तात्या, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, दीड वर्ष एकमेकांशी बोलत नव्हते. कारण काय, तर बांधावरचा एक फणस! वाटणीत तो कुणाकडं गेला यावरून. घर एकच, सोपा एकच, पण चुली दोन झालेल्या. आज्जी एक दिवस याच्याकडं जेवायची, एक दिवस त्याच्याकडं. आम्हा पोरांना ताकीद होती, तरी आठळ्या आम्ही दोन्ही चुलींवरच्या खायचो. फणस तोच होता म्हणा.

त्या आषाढात बैलाचा कासरा तुटला. गावात दुकान नाही, खानापूरची वाट बंद. आज्जीनं माळ्यावरचा वाक काढून सोप्यात आणून टाकला आणि एवढंच म्हणाली, "दोर काय एकट्यानं वळतोय व्हय?"

बाबांनी आकडा घेतला. तात्या बराच वेळ खांबाला टेकून तंबाखू मळत बसले होते. मग उठले, दुसरं टोक धरलं. मधलं अंतर वीसेक हात. पण बोलणं नाही! मी मध्ये उभा. बाबा मला सांगायचे, "तुझ्या तात्यांना सांग, सैल पडूलंय." तात्या म्हणायचे, "तुझ्या बाबाला सांग, हळू फिरव." दोघंही एकमेकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलत, तरी मी इमानानं दोन्हीकडचा निरोप पोचवत होतो.

मग पाऊस उघडला. बाहेरनं पोरांनी हाक मारली आणि मी पळालो खेकडी धरायला. निरोप्याच गेला!

पुढचं आज्जीनं नंतर किती वेळा तरी सांगितलं. पीळ चढेल तसा दोर आखडत जातो आणि टोक धरणाऱ्याला एकेक पाऊल पुढं यावं लागतं. तात्या असे सरकत सरकत खांबापर्यंत आले. तिथं एक पेड सुटायला लागला. बाबा म्हणाले, "धर की गा, दादा." तात्या म्हणाले, "धरलोय की." एवढंच. त्या दिवशी तीन कासरे आणि चार दावी झाली. मी खेकडी घेऊन आलो तेव्हा दोघं उंबऱ्यावर बसून एकाच डबीतला चुना घेत होते.

फणसाचा निकाल लागला नाही. चुली दोनच राहिल्या. पण बोलणं सुरू झालं ते शेवटपर्यंत. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते आमच्या घराण्याला तंतोतंत लागू. पण त्याच पिळानं दोघांना सोप्याच्या मधोमध आणलं, हेही खरं.

हे सगळं आत्ता आठवायला कारण आहे. गेल्या जुलैत मी गावी गेलो होतो, सोप्याच्या मधोमध भिंत घालायची म्हणून माप घ्यायला. तात्यांचा मुलगा आणि मी, दोन वर्षं बोलणं नव्हतं. कारण लिहीत नाही, फणसाएवढंच होतं. मी पोचलो आणि रात्रीत पाणी चढलं, पूल बंद, करंट गेला. दोन दिवस तो त्याच्या खोलीत, मी माझ्या. दावी आता नायलॉनची, बाजारात तयार मिळतात. सोप्यात एकत्र बसायचं कामच उरलेलं नाही.

दुसऱ्या रात्री सोप्यातलं कौल सरकलं आणि धार लागली. नेमकी मधोमध, जिथं भिंत घालायची तिथंच. मी घमेलं ठेवलं. तो शिडी घेऊन आला. जमीन ओली, शिडी सरकत होती. दोन पायऱ्या चढून तो थांबला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "धर की गा."

मी धरली.

सकाळपर्यंत आम्ही सोप्यातच होतो. वैनीनं आठळ्या भाजल्या होत्या. भिंतीचं काय ते अजून ठरलेलं नाही. माप घ्यायची टेप मात्र तशीच पिशवीत परत आली.

तुमच्या घरी पावसात सोप्यात काय चालायचं? आणि कोण कुणाशी बोलत नव्हतं, तेही लिहा. नावं नकोत.